दत्ता, प्रत्येक वेळी दोन्ही होत नसतं

दत्ता,

तुझ्या तेराव्याला जेवून हात धुताना माणसं एकमेकांना सांगत होती, "कामावर असताना गेला. असं मरण नशीबवानालाच येतं." मी ताटं उचलत होते. त्यातल्या एकाला तोंडावर सांगणार होते की छातीत कळ येत असताना वाफेच्या नळाजवळ उभा राहणारा माणूस नशीबवान नसतो. तेवढ्यात मीरानं माझा हात धरला आणि मला आत नेलं. तुझी बायको त्या दिवसांत माझ्यापेक्षा शहाणी वागली.

त्या माणसांवर राग काढून काय उपयोग होता? राग तुझ्यावर आहे, आणि अजून उतरलेला नाही. धाकट्या भावावर रागवायचं तर तो समोर पाहिजे, मान खाली घालून ओठातल्या ओठात हसणारा, "झालं का ताई? आता चहा टाक" म्हणणारा. तू समोर नाहीस, म्हणून लिहिते आहे.

आपलं हे भांडण लातूरला, माझ्याच दवाखान्यात सुरू झालं.

त्या उन्हाळ्यात ऑपरेशन थिएटरबाहेरच्या फरशा खचायला लागल्या. आधी नुसता वास होता, फिनेल टाकून भागत होतं. मग भिंतीच्या पायथ्याला ओल चढली. एका सकाळी छाया सिस्टरनं, माझ्या सगळ्यात जुन्या नर्सनं, मला बोलावून एका फरशीवर टाच दाबून दाखवली. सांध्यातून काळं पाणी वर आलं. बाळंतिणींच्या दवाखान्यात जमिनीतून सांडपाणी वर येतं म्हणजे काय, हे तुला वेगळं सांगावं लागलं नाही. गवंडी म्हणत होता, सगळी फरशी उकरावी लागेल, थिएटरसकट, पावसाळा संपेपर्यंत दवाखाना बंद ठेवा. मी तुला नांदेडला फोन केला तो फक्त सल्ला विचारायला. तू म्हणालास, "कुणाला कुदळ लावू देऊ नको. मी निघून राहिलो."

खरं सांगू का, तोपर्यंत तू नेमकं काय काम करतोस ते मला नीट माहीतच नव्हतं. हैदराबादेच्या एका कंपनीत शिकून तू हे काम नांदेडात आणलंस, एवढंच ठाऊक होतं. आबा सोयऱ्यांना सांगायचे, "पोरगं नाल्या दुरुस्त करतं, पण खोदत न्हाई." सोयरे विचारायचे, "मग करतं काय?" आणि आबा विषय बदलायचे.

तू आलास, चेंबरचं झाकण काढलंस आणि वायरीच्या टोकाला बांधलेला कॅमेरा आत सोडलास. छोट्या पडद्यावर मी आणि छाया सिस्टर बघत होतो. जुना खापरी पाइप. एका जागी लांब तडा. पुढं एक सांधा सुटलेला, आणि त्यातून कडुनिंबाच्या मुळ्यांचा झुपका आत लोंबत होता. मी चिडून म्हटलं, "शेजाऱ्याचं झाड माझ्या थिएटरखाली आलंय?" तू म्हणालास, "त्याला पाणी पाहिजे, ताई. लातुरात कुणाला न्हाई पाहिजे?"

मग तू दवाखान्यातल्या माझ्या सगळ्या नर्स मुलींना व्हरांड्यात उभं करून समजावलंस. मुळ्या कापायच्या. पाण्याच्या जोरानं पाइप आतून धुवायचा. मग पाइपएवढी लांब कापडी पिशवी, रेझिन नावाच्या चिकट रसायनात भिजवलेली, चेंबरमधून आत सोडायची. तू अंगातल्या सदऱ्याची बाही काढून उलटी करून दाखवलीस, अशी उलटत उलटत जाते म्हणालास. हवेच्या दाबानं ती जुन्या पाइपला आतून चिकटते. मग वाफ सोडायची. वाफेनं रेझिन कडक होतं आणि जुन्या पाइपच्या पोटात नवा पाइप तयार होतो. मुली हसत होत्या. त्यांना ते तुझ्या उघड्या दंडाचं हसू आलं होतं, पण तू मन लावून सांगत होतास.

शेवटी तुझा आवाज बदलला. "रेझिन कालवलं की मागं फिरता येत न्हाई. अर्ध्यात सोडलं तर पिशवी जिथं असंल तिथं दगड होती. मग खोदल्याबिगर इलाज न्हाई. अन् वाफ चालू हाय तोवर वरून पाणी यायचं न्हाई. मोऱ्या, बेसिन, संडास, सगळ्यांची तोंडं पिशवीमागं बंद झालेली असतात. काम झाल्यावर मी आतून यंत्रानं ती उघडतो. तोवर थेंब न्हाई."

आम्ही तसं सगळं केलं. बाळंतिणींना दोन गल्ल्या पलीकडच्या मैत्रिणीच्या दवाखान्यात हलवलं. दारावर पाटी लावली. नळांच्या तोंडाला चिंध्या बांधल्या. तुझा शब्बीर, हैदराबादेपासून तुझ्यासोबत असलेला, खालच्या चेंबरपाशी उभा राहिला आणि तू वरच्या. पिशवी बर्फात ठेवलेली होती, कारण लातूरच्या उन्हात ती बाहेरच कडक होईल अशी तुला भीती. दुपारच्या आत ती पाइपमध्ये गेली, फुगली, जागेवर बसली. तू शब्बीरला ओरडून सांगितलंस, "वाफ सोडून राहिलो!"

आणि फाटकात जीप येऊन थांबली.

पाटी वाचायला कुणाला वेळ होता? मागच्या बाकावर दिवस भरलेली बाई आडवी होती, तिचं डोकं सासूच्या मांडीवर. मी जीपमध्येच तपासलं. बोटांना बाळाचं डोकं लागायच्या आधी नाळ लागली. नाळ खाली घसरली होती. तिच्यात ठोके होते, आणि ते मंद होत होते. डोकं खाली आलं की नाळ दाबली जाणार आणि बाळाचा श्वास तिथंच संपणार. मी बोटांनी डोकं वर ढकलून धरलं. आता हात काढता येत नव्हता. दोन गल्ल्या पलीकडंसुद्धा नेता येत नव्हतं.

तिला स्ट्रेचरवर घेतलं. माझा हात तसाच, मी वाकून शेजारून चालत होते. तुझ्या चेंबरजवळून जाताना मी ओरडले,

"दत्ता, बंद कर ते! मला थिएटर पाहिजे."

"ताई, आत्ता बंद करता येत न्हाई. वाफ सोडली."

"मग जाऊ दे तुझा पाइप खड्ड्यात. खोदू नंतर."

तू माझ्याकडं पाहिलंस, मग त्या बाईकडं. "पाणी तेवढं खाली सोडू नको. बाकी सगळं कर. दोन्ही होईल."

"दोन्ही होत नसतं, दत्ता!"

"होईल. तू जा आत."

मला तेव्हा तुझा भयंकर राग आला होता. हातात कुणाचा तरी जीव आणि तू पाइपचा हिशेब सांगतोयस, असं वाटलं. पण आत गेले तोवर तुझी दोन माणसं घमेली आणि बादल्या घेऊन थिएटरच्या दाराशी उभी होती. छाया सिस्टरनं माझ्या जागी हात घातला आणि डोकं वर धरलं. मी हात धुवायला वळले. धाकट्या सिस्टरनं तांब्यानं पाणी ओतलं, खाली घमेलं, आणि भरलं की ते दाराबाहेर. भूल देणारे डॉक्टर वरच्याच मजल्यावर राहतात, ते जेवणावरून उठून आले होते. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांनी सवयीनं बेसिनचा नळ उघडायला हात नेला आणि आम्ही तिघी एकदम किंचाळलो.

चिरा देताना मला बाहेरचा आवाज ऐकू येत होता. ती सासू मोरीत शिरली होती. तिच्या लुगड्याला रक्त लागलं होतं, ते धुवायला तिनं पिंपातली बादली भरून घेतली होती.

"मावशी, पाणी ओतू नका!" हा तुझा आवाज.

"आरं, माझी सून तिकडं मरून राहिली आन् तुला पाण्याचं पडलंय?"

"तिच्यासाठीच म्हणून राहिलो, मावशी. ताईला काम करू द्या. द्या ती बादली."

"कोण तू? डाक्टर हाईस का?"

"डॉक्टरीणबाईचा भाऊ हाय. द्या."

अर्धी बादली गेलीच होती. ते मला नंतर कळलं. त्या क्षणी मला फक्त एवढं कळलं की बाळ हातात आलं आहे, निळं आहे आणि हातपाय ढिले आहेत. ते मी भूलतज्ज्ञांकडं दिलं आणि खाली रक्त थांबवायला लागले. मागं वळून बघता येत नव्हतं. टाके घालत होते आणि कान मागं होते. मागं काहीच आवाज नव्हता. छाया सिस्टर पुटपुटत होती, रड गं, रड गं बाई. आणि मग ती रडली. मुलगी होती. दाराबाहेर तुझी माणसं ओरडली, आणि त्या ओरडण्यात तुझा आवाज नव्हता.

शब्बीर सांगतो, तेव्हा तू चेंबरपाशी गुडघ्यावर होतास, एक हात वाफेच्या चकरीवर, डोळे दाबाच्या काट्यावर. मोरीतलं पाणी पिशवीवर मागून बसलं होतं आणि काटा थरथरत होता. तू दाब किंचित वाढवलास आणि धरून ठेवलास.

संध्याकाळी आपण दोघं पायरीवर चहा घेत बसलो. आत बाळ-बाळंतीण ठीक होत्या. कॅमेऱ्यात पाइप नवाकोरा दिसत होता, फक्त मोरीजवळ एक लहानशी घडी पडली होती. तू यंत्र फिरवून सगळी तोंडं उघडली होतीस. कपाळावरचा घाम पुसून तू म्हणालास, "झालं का न्हाई दोन्ही?"

मी म्हटलं, "आज झालं. नशीब म्हण."

"नशीब कशाचं? तयारी होती."

"दत्ता, एखाद्या दिवशी एकच निवडावं लागेल तुला."

"तवा बघू."

त्यानंतर आपण भेटलो की हेच बोलणं व्हायचं. लातूरला आलास की तू आधी चेंबर उघडून कॅमेरा आत सोडायचास, ती घडी बघायचास, तोंड वाकडं करायचास आणि मग घरात पाय धुवायचास. मी म्हणायचे, काही अडत नाही तिच्यानं, राहू दे. तू म्हणायचास, "त्या म्हातारीची बादली हाय ती. मला दिसती." मग मी म्हणायचे, त्या दिवशी पाइप गेला असता तरी चाललं असतं. तू म्हणायचास, पण गेला न्हाई ना. असं किती वेळा झालं असेल! जेवताना, जीपमध्ये, एकदा तर आबांच्या खाटेजवळ. आबा डोळे मिटूनच म्हणाले होते, "दोघंबी गप बसा, दोघंबी शहाणे हात."

मी तुला कधी तोंडावर म्हटलं नाही, ते आता म्हणते. त्या पावसाळ्यात माझा दवाखाना एक दिवसही बंद राहिला नाही. त्या फरशीवर कितीतरी बाया आल्या, रडल्या, ओरडल्या, हसत घरी गेल्या. त्यांतल्या एकीलाही माहीत नाही की पायाखाली माझ्या भावाचं काम आहे. मला रोज माहीत असायचं. थिएटरकडं जाताना त्या फरशांवर माझी पावलं आपोआप हळू व्हायची.

आणखी एक. तू कुणालाही चेंबरमध्ये उतरू दिलं नाहीस. नांदेडला एका कामावर पिशवी अडकली होती, आणि तिथला एकजण म्हणाला, उतरवा की कुणाला, जरा ढकलून येईल. तू झाकण सरकवून त्यावर मांडी घालून बसलास. पिशवी आत कडक झाली, काम वाया गेलं, लोक वाट्टेल ते बोलले. तू उठला नाहीस. हे मला मीरानं सांगितलं होतं, आणि मला तुझा अभिमान वाटला होता. आता तीच गोष्ट आठवली की राग येतो. म्हणजे निवडता येत होतं तुला. दुसऱ्याच्या जिवापुढं पाइप सोडता येत होता.

दिवाळीला आलास तेव्हा तू डावा खांदा चोळत होतास. मी विचारलं. तू म्हणालास, कॉम्प्रेसर उचलला. मी म्हटलं, चल, पट्टी काढू हृदयाची, मशीन शेजारच्या खोलीत आहे. तू म्हणालास, "पुढच्या खेपेला. आज भाऊबीज हाय, तू मला ओवाळ, तपासू नको." मी ओवाळलं.

पुढची खेप आली नाही. भोकरची आली.

भोकरचं सगळं मला शब्बीरनं सांगितलं. दोनदा सांगायला लावलं मी त्याला. एका शाळेचा पाइप होता, सुट्टीचे दिवस बघून काम धरलं होतं. पिशवी आत गेली, वाफ चालू झाली, आणि तू चकरीजवळ उभा असताना एकदम खाली बसलास. सदरा घामानं भिजला. शब्बीर पळत आला.

"भाऊ, दवाखान्यात चला."

"वाफ चालू हाय."

"मी पाहतो ना. तुम्ही जा. पोरगं गाडी काढून राहिलं."

"दाब खालीवर होऊन राहिला, शब्बीर. तू तिकडलं तोंड सांभाळ. जरा गार होऊ दे, मग जाऊ. दोन्ही होईल."

शब्बीरला ते काम येत होतं, दत्ता. तूच शिकवलं होतंस. तुझ्याइतकंच येत होतं. मीराला तू त्याच वेळी फोन केलास आणि विचारलंस की पोरीनं जेवण केलं का. छातीचं बोलला नाहीस. मला फोन केलाच नाहीस. मी त्या वेळी ओपीडीत होते, फोन टेबलावर उताणा पडला होता. मी घरातली डॉक्टर. तुझ्याहून मोठी. तुला लहानपणी विंचू चावला तेव्हा पाठीवर घेऊन पळाले होते मी. मला का नाही सांगितलंस? कारण तुला माहीत होतं की मी काय म्हणेन. मी म्हणाले असते, बंद कर ते.

पाइप गार झाला. तू दाब सोडलास. कॅमेरा आत घालून बघितलंस, शब्बीर म्हणतो, हसलास. मग स्वतः चालत जीपपर्यंत गेलास. नांदेडच्या वाटेवर शब्बीरच्या खांद्यावर तुझं डोकं जड झालं.

भोकरच्या त्या पाइपचं चित्रण शब्बीरनं मला दाखवलं. मला वाटतं त्याला माझं समाधान करायचं होतं. आरशासारखा पाइप. कुठं घडी नाही, सुरकुती नाही. तुझ्या हातचं सगळ्यात चांगलं काम. मी फोन त्याच्या हातात परत दिला आणि उठून गेले.

एक विचार माझी पाठ सोडत नाही. त्या दिवशी लातूरला तुझा पाइप गेला असता तर? मुलगी वाचली असती आणि पाइप अर्ध्यात दगड झाला असता, आपण फरशी खोदली असती, पावसाळाभर धूळ खाल्ली असती, तर तुला कळलं असतं का की सोडून दिलेल्या कामानं काही बिघडत नाही? त्या दिवशी आपलं दोघांचंही फार चांगलं निभावलं, दत्ता. त्यानं तुझं नुकसान केलं असं मला वाटतं. मीरा म्हणते, ताई, ते तसेच होते, लातूरच्या आधीपण. ती म्हणते ते खरं असेल. तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. तू नाही म्हणाला असतास आणि आपण पुन्हा भांडलो असतो.

मीरानं काम बंद केलं नाही. आता बाहेरचं सगळं ती बघते, साइट शब्बीर बघतो. तू गेल्यानंतरचं पहिलं काम हदगावला होतं, बाजारातल्या एका गल्लीत. मी तिकडं फोन करत नव्हते, मला वाफेचं नावही नको होतं. परवा ओपीडी चालू असताना शब्बीरचाच फोन आला. त्याचा आवाज इतका बारीक होता की मी खुर्चीतून उठले.

"मॅडम, पाइप गेला."

"काय झालं?"

"आपला कामावरचा मारोती चेंबरपाशी चक्कर येऊन पडला. तोंडावर पाणी मारलं तरी डोळे उघडीना. वाफ चालू होती, मॅडम. मी बंद केली. सगळं सोडलं आन् त्याला उचलून दवाखान्यात आणलं. पिशवी अर्ध्यात बसली. खोदावं लागतंय."

"माणूस?"

"हाय. उन्हानं झालं म्हणून राहिले. सलाइन लावली. आत्ता चहा मागून राहिला."

मी खाली बसले. समोरच्या पेशंटनं मला विचारलं, मॅडम, बरं आहे ना?

काल मी हदगावला गेले. भर बाजारात रस्ता फोडलेला, दोन्ही बाजूंना मातीचे ढीग, दुकानदार कपाळाला हात लावून उभे. मीरा पदर खोचून एकेकाला समजावत होती, उद्यापर्यंत बुजवून देतो, दादा. कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "न खोदणारे खोदून राहिले, बघा." लोक हसले. मारोती सावलीत बाकड्यावर बसला होता, मी त्याची नाडी पाहिली, जीभ पाहिली, त्याला उगाच रागावले. शब्बीर खड्ड्यात होता, हातात कुदळ. मला पाहूनही त्यानं मान वर केली नाही.

मी कडेला उकिडवी बसले आणि म्हटलं, "शब्बीर, बरं केलंस."

तो खालीच बघत म्हणाला, "भाऊ लई रागावले असते, मॅडम."

भोकरला त्यानं हेच केलं असतं ना, दत्ता, तर तू खरंच रागावला असतास. आठवडाभर त्याच्याशी बोलला नसतास. मला फोन करून त्याच्या नावानं ओरडला असतास, आणि मी फोन कानाला लावून ते सगळं ऐकत बसले असते.